वाकड्या बोटांची तारीख

कोंबडीचं चार पायांचं पिल्लू निघालं की अख्खं गाव बघायला लोटतं. मोबाइलवर फोटो काढले जातात, तालुक्याच्या एखाद्या साप्ताहिकात ‘निसर्गाचा चमत्कार’ म्हणून छापूनही येतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते बिचारं मरतं. त्याच हॅचमध्ये पायाची बोटं आत वळलेली पंचवीस पिल्लं असली तर त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. माझा धंदा मात्र त्या पंचविसांवर तरतो किंवा बुडतो. चार पायांचं पिल्लू क्वचित, कुठेही निघू शकतं. त्यावरून मला काही करता येत नाही. एकसारखी वाकडी पंचवीस निघाली की कुठेतरी, कुठल्यातरी दिवशी काहीतरी बिनसलेलं असतं, आणि तो दिवस शोधून काढावा लागतो.

आमची हॅचरी माण तालुक्यात. जुन्या गोठ्याच्या दोन खोल्या करून एकीत अंडी उबवायचा सेटर आणि दुसरीत पिल्लं निघायचा हॅचर बसवलाय. गावरान अंडी आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून बायका आणून देतात, थोडी शेड टाकून कोंबड्या पाळणाऱ्यांकडून येतात. अठरा दिवस सेटर, तीन दिवस हॅचर, एकविसाव्या दिवशी पिल्लं खोक्यात. पिल्लं न्यायला आलेलं गिऱ्हाईक खोक्यात हात घालून चाळवतं, एखादं लंगडं सापडलं की ठरलेलं वाक्य येतं, “ताई, मशीनची पिल्लं अशीच. कोंबडीखाली कधी पांगळं पिल्लू बघितलंय का तुम्ही?”

बघितलंय. पण त्यांनी बघितलेलं नसतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. खुडूक कोंबडीखाली आपण बसवतो दहा-बारा अंडी. पोल्ट्रीच्या जाणकारांचा ढोबळ हिशोब असा, की नीट चाललेल्या हॅचरीत लावलेल्या अंड्यांपैकी व्यंग असलेली शेकडा एकाच्या आत असावीत. यात अंड्याच्या आतच मेलेलीही धरायची. तोच हिशोब कोंबडीला लावला तर आठ-दहा कोंबड्या बसवाव्यात तेव्हा कुठे एक व्यंग असलेलं अंडं पदरात पडेल, आणि तेही बहुधा न फुटलेलं. न फुटलेली अंडी कोंबडी डालग्यातच सोडून उठते आणि घरची बाई ती उकिरड्यावर टाकते. ती फोडून आत काय होतं ते कोण बघणार? माझ्याकडे हजार अंडी एकदम निघतात, तीही ट्यूबलाइटच्या उजेडात, पांढऱ्या ट्रेमध्ये. दहा व्यंगं एका जागी दिसली की डोळ्यात भरतात.

म्हणजे मशीन निर्दोष असतं असं नाही. कोंबडी अंडी दिवसरात्र चोचीने, पायाने हलवत राहते, पोटाची ऊब थेट कवचाला देते, तहान लागली की तेवढ्यापुरती उठते आणि अंड्यांना वारा लागतो. हे सगळं आपण पंखा, मोटार आणि सेन्सरकडून करून घेतो, आणि त्यातलं एक जरी बिघडलं तरी हजार अंड्यांवर एकदम बिघडतं. फक्त प्रत्येक वाकड्या पिल्लाचं खापर मशीनवर फोडलं की खरं कारण तसंच राहतं आणि पुढच्या लॉटला पुन्हा हजर होतं.

साताऱ्याला बी.एस्सी. करताना प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला कोंबडीच्या गर्भाच्या स्लाइड असायच्या. २४ तासांचा, ३३ तासांचा, ४८ तासांचा, ७२ तासांचा. महाराष्ट्रातल्या प्राणिशास्त्राच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी त्या आकृत्या पेन्सिलीने काढून जर्नल भरलंय आणि परीक्षा झाल्यावर विसरून गेलेत. मलाही त्या कंटाळवाण्या वाटायच्या. आता तेच माझं पंचांग आहे. तेहतीस तासांच्या स्लाइडमध्ये मेंदूची नळी वरून मिटत आलेली दिसते. दुसऱ्या दिवशी हृदय धडधडायला लागतं. बहात्तर तासांत डोळे ठळक होतात, पंख आणि पाय जिथे येणार तिथे बारीक कोंब फुटतात. चोच त्यानंतर आकार घेते. आतडी बराच काळ पोटाच्या बाहेर बेंबीच्या दांड्यात असतात आणि शेवटी शेवटी आत जातात. उरलेला बलक एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पोटात ओढला जातो आणि बेंबी बंद होते.

आता पिल्लाकडे उलट्या बाजूने बघायचं. डोकं वर उघडं आणि मेंदू बाहेर असेल तर घोटाळा पहिल्या दोन दिवसांतला, बहुतेक वेळा जास्त उष्णतेचा. एक डोळा नाही, तर पहिल्या आठवड्याच्याही सुरुवातीचा. बेंबीवर काळी गाठ, किंवा ती नीट न मिटता ओली राहिलेली, तर शेवटच्या दिवसांत उष्णता किंवा आर्द्रता बिघडली. पायाचे मधले सांधे लालबुंद असतील तर कवचातून बाहेर यायला फार झटावं लागलं. कामिल दारेस्त नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हेच मुद्दाम करून बघितलं होतं. अंडी जास्त तापवायची, उभी ठेवायची, कवचाच्या काही भागाला लेप लावून हवा अडवायची, आणि कोणतं व्यंग येतं ते नोंदवायचं. त्यावरचा त्याचा ग्रंथ १८७७ साली निघाला. व्यंगाला कारण असतं आणि ते कारण बाहेरूनही येऊ शकतं, हे सिद्ध करायला त्याला कोंबडीची अंडी लागली. आमच्याकडे आजही कुणी विचारतं, “ग्रहणात लावली होती का अंडी?”

हॅच निघाल्यावर पिल्लं मोजून झाली, लसी टोचून झाल्या की मी उरलेली न फुटलेली अंडी घेऊन मागच्या ओट्यावर बसते. हे काम कुणाला आवडत नाही. वास येतो, मधूनच एखादं अंडं फट्कन फुटतं आणि अंगावर उडतं. पण सगळी तारीखवार माहिती तिथेच असते, कारण मोठी व्यंगं असलेली बहुतेक पिल्लं बाहेर येतच नाहीत. ट्रेमध्ये दिसतात ती जगून आलेली, म्हणजे सौम्य प्रकारची. अंड्याची रुंद बाजू वर धरायची, टिचकी मारून तेवढंच कवच काढायचं, हवेच्या कप्प्याचं पांढरं आवरण दिसलं की ते नखाने सोलायचं. शेवटच्या दिवसांत मेलेलं पिल्लू असलं तर डोकं कुठे आहे ते आधी बघायचं. नीट बसलेल्या पिल्लाचं डोकं उजव्या पंखाखाली असतं आणि चोच हवेच्या कप्प्याकडे. एखाद्याचं डोकं दोन मांड्यांच्या मधेच राहिलेलं असतं, एखाद्याचं डाव्या पंखाखाली, एखाद्याचे पाय डोक्यावर. अशी उलटसुलट बसलेली शेकडा एक-दोन सापडली तर मी जीव घाबरा करत नाही. पण डोकं अंड्याच्या निमुळत्या टोकाकडे असलेली एकदम वाढली तर अंडी लावणाऱ्याला हाक मारावी लागते: अंडी उलटी लागलीत. नव्याने घालायला लागलेल्या गावरान तलंगांची अंडी कधीकधी इतकी गोल असतात, की रुंद बाजू कोणती ते डोळ्याला कळतच नाही. ती लाइटवर धरून हवेचा कप्पा कुठे आहे ते बघूनच ट्रेमध्ये ठेवायची. गडबडीत नेमकं हेच राहतं.

या ओट्यावर बसूनच मला कळलं, की आमच्याकडचा उन्हाळा मशीनच्या आधीच काम सुरू करतो. कोंबडीने अंडं घातलं तेव्हा आतल्या जीवाला एक दिवस होऊन गेलेला असतो. अंडं थंड झालं, साधारण वीस-एकवीस अंशांच्या खाली राहिलं, की तो जीव थांबतो, झोपतो म्हणा हवं तर. म्हणून उबवायची अंडी पंधरा ते अठरा अंशांत ठेवायची असतात. एप्रिल-मेमध्ये माणदेशात पत्र्याच्या खोलीत दुपारी चाळीस अंश असतात. टोपलीतली अंडी दुपारी तापतात, वाढ सुरू होते, पहाटे निवतात, वाढ अडखळते, दुसऱ्या दुपारी पुन्हा तापतात. बाई आठवडाभर अंडी साठवते, मग पोरगा ती मोटारसायकलला पिशवी अडकवून खड्ड्यांतून घेऊन येतो. आठवड्याच्या पुढे साठवलेल्या अंड्यांची उबवण तशीही उतरतच जाते. अशा लॉटमध्ये मी अंडी फोडते तेव्हा पहिल्या तीन-चार दिवसांत मेलेले गर्भ, रक्ताचं कडं दिसणारे, खूप निघतात, आणि उघड्या डोक्याची, डोळा नसलेली पिल्लंही नेहमीपेक्षा जास्त. मशीनने काहीच केलेलं नसतं. मशीनने फक्त आधी बिघडलेलं पुरं केलेलं असतं. म्हणून उन्हाळ्यात मी बायकांना सांगते, माठाशेजारी, ओल्या गोणपाटाखाली ठेवा आणि तीन दिवसांनी आणून द्या, जास्त साठेपर्यंत थांबू नका. त्यांना खेप परवडत नाही, हेही खरं. मग मीच आठवड्यातून दोनदा गाडी पाठवते आणि अंड्यामागे थोडे पैसे कमी देते. यावर अजून आमची घासाघीस चालू आहे.

दुसरा प्रकार घरगुती पेट्यांचा. शेजारच्या गावातल्या एका हौशी पोराने यूट्यूब बघून थर्माकोलची पेटी केली होती. दोन बल्ब, एक छोटा थर्मोस्टॅट, पाण्याची वाटी, पंखा नाही. त्याने सेटिंग ठेवलं ३७.५ अंशांवर, कारण सगळीकडे तोच आकडा लिहिलेला असतो. तो आकडा पंखा असलेल्या मशीनचा, जिथे सगळीकडे हवा सारखी फिरते. पंखा नसलेल्या पेटीत वर गरम आणि खाली गार असे थर होतात. तिथे अंड्याच्या वरच्या पातळीला साधारण ३८.५ ते ३९ अंश लागतात आणि सेन्सरही नेमका त्याच पातळीला लागतो. याचा सेन्सर तळाशी लोंबत होता आणि बल्ब अंड्यांपासून वीतभर वर. बल्बच्या खालची अंडी शिजत होती आणि कोपऱ्यातली कुडकुडत होती. त्याची पिल्लं दोन दिवस पुढेमागे निघाली, आधी निघालेल्यांची बेंबी काळी आणि उशिराची सुस्त, पोट फुगलेली. मी त्याला तापाचा साधा थर्मामीटर घेऊन पेटीत चार जागी ठेवायला सांगितला. मोठ्या हॅचरीवाले कानात घालून ताप बघायचा थर्मामीटर अंड्याच्या पोटाला लावतात आणि कवच १०० फॅरनहाइटच्या आसपास आहे का ते बघतात. डिस्प्लेवरचा आकडा म्हणजे सेन्सरला काय वाटतं ते. अंड्याला काय वाटतं ते अंड्यालाच विचारावं लागतं.

आर्द्रतेचंही तसंच. अठरा दिवसांत अंड्याचं वजन बारा टक्क्यांच्या आसपास घटायला हवं, तेवढं पाणी उडायला हवं. कमी उडालं तर पिल्लू आत फुगतं, बेंबी मिटत नाही. चिपळूणकडच्या माझ्या मैत्रिणीला पावसाळाभर हाच त्रास असतो. जास्त उडालं तर आतलं आवरण सुकून पिल्लाच्या पिसांना चिकटतं, त्याला वळता येत नाही, आणि मान किंवा पाय वाकडा घेऊन ते बाहेर येतं. आमचा त्रास हा. त्यात आमचं पाणी बोअरचं, क्षारांचं. आर्द्रता मोजणाऱ्या ओल्या थर्मामीटरला एक कापडी वात असते. क्षारांनी ती कडक झाली, तिच्यावर पांढरी खपली धरली, की तिच्यातून पाणी नीट उडत नाही, थर्मामीटर पुरेसा गार होत नाही आणि आकडा वर राहतो. मशीनला वाटतं, हवेत भरपूर ओल आहे. ते पाणी सोडणं थांबवतं. आत अंडी सुकत असतात आणि डिस्प्ले छान हिरवा असतो. एक वाकड्या मानांचा लॉट असाच त्या दोन बोटं लांबीच्या कापडापाशी जाऊन थांबला होता. आता प्रत्येक लॉटला नवी वात आणि त्या बाटलीत फिल्टरचं पाणी.

वीज जाण्याबद्दल एक गैरसमज सांगते, कारण तो महागात पडतो. वीज गेली की सगळे मशीनचं दार गच्च बंद करतात, वर गोधड्या टाकतात. पहिल्या आठवड्यात ते बरोबर, गर्भाला स्वतःची ऊब नसते. पण दुसरा आठवडा निम्मा झाला की गर्भच उष्णता सोडायला लागतो. सतराव्या-अठराव्या दिवशी हजार अंडी म्हणजे हजार चालत्या शेगड्या. पंखा बंद, दार बंद, वर गोधडी, मग आत हवाही कोंदते आणि ताप चढतो. तेव्हा दार उघडायचं असतं. गावातल्या म्हाताऱ्या म्हणतात, वीज कडाडली की अंडी नासतात. आमच्याकडे ती वीज गेल्याने जास्त नासलीत.

आता वाकडी बोटं. एका शेडवाल्याच्या अंड्यांतून लागोपाठ तीच निघत होती. बोटं मुठीसारखी आत वळलेली, पिल्लू सांध्यांवर टेकून चालायचं, आणि अंगावरची लव गाठी मारल्यासारखी, जागोजाग बोंडं आल्यासारखी. त्याच ट्रेमधली वाडीवरच्या बायकांची अंडी मात्र ठणठणीत. मशीन एक, दिवस एक, ट्रे एक. इथे मशीनचा प्रश्नच मिटला. हे अंडी घालणाऱ्या कोंबडीच्या खाण्यातलं असतं: रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, कमी पडलं की अंड्यात उतरत नाही, आणि कवचात मेलेली पिल्लं वाढतात, जगून येतात त्यांची बोटं अशी. त्याला जाऊन विचारलं तर कोंबड्या पूर्ण बंदिस्त आणि खायला मक्याचा भरडा व तांदळाची कणी. खाण्याची अंडी विकताना हे खपून जातं. अंडं दिसायला तसंच असतं. उबवायच्या अंड्याला मात्र आत एक अख्खं पिल्लू बांधायचं असतं आणि एकविसाव्या दिवसापर्यंत बाहेरून खायला काहीही मिळणार नसतं. वाडीवरच्या कोंबड्या उकिरडा उकरतात, किडे, शेण, कोवळं गवत खातात, त्यांना कुठलं पुस्तक वाचावं लागत नाही. शेडवाल्याने ब्रीडरचं खाद्य सुरू केलं, पाण्यातून बी-कॉम्प्लेक्स आणि रोज लसूणघासाच्या दोन पेंढ्या. काही आठवड्यांनी नव्या पिल्लांची बोटं सरळ निघायला लागली. मँगेनीज आणि बायोटिन कमी पडलं की अशीच पोपटासारखी चोच आणि आखूड जाड पाय दिसतात. तेही मी कोंबडीच्या खाण्यापासूनच शोधायला लागते.

सगळ्यात जास्त तक्रार येते पाय फाकलेल्या पिल्लांची, आणि ते निम्म्या वेळा व्यंगच नसतं. गिऱ्हाईक घरी ब्रूडरमध्ये भुश्शावर वर्तमानपत्र अंथरतं. कोवळे पाय त्यावर घसरत राहतात आणि एका दिवसात दोन दिशांना जातात. वर्तमानपत्राऐवजी गोणपाट घाला, आणि फाकलंच तर पहिल्याच दिवशी दोन्ही पाय मऊ चिकटपट्टीने, मधे बोटभर अंतर सोडून, बांधा. दोन-तीन दिवसांत पिल्लू सरळ चालतं. उशीर केला तर नाही.

जे सुधारणार नाही ते बाजूला काढावं लागतं. ते काम मी कामगारांवर सोडत नाही, स्वतः करते, पटकन. त्याबद्दल जास्त बोलायला मला आवडत नाही आणि ‘जगू द्या की हो’ म्हणणाऱ्यांना मी पिल्लू घरी न्यायला सांगते. एकदा आमच्या शेजारच्या काकूंनी खरंच नेलं.

त्याची चोच कातरीसारखी एकावर एक चढलेली होती. कडकनाथची लाट जोरात होती तेव्हाची गोष्ट. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं आणि जो तो काळी कोंबडी शोधायला लागला. मूळ पक्षी थोडे, मागणी फार. लोकांनी एका नराखाली त्याच्याच मुली, मग नातीही ठेवल्या. रक्त जवळ आलं की दडून बसलेले दोष वर येतात, आणि त्या काळात माझ्याकडे बाहेरून आलेल्या कडकनाथच्या अंड्यांच्या लॉटमध्ये अशा चोची मी पहिल्यांदा सलग बघितल्या. वाकडी चोच उष्णतेनेही येते, म्हणून आधी मशीन तपासलं. शेजारच्या ट्रेमधली गावरान सरळ चोचीची होती.

काकूंनी ते पिल्लू खोलगट वाटीत ओला भरडा घालून वाढवलं. दर महिन्याला नेलकटरने चोचीचं वाढलेलं टोक कापायच्या. त्याची चांगली टपोरी कोंबडी झाली आणि अंडी घालायला लागली. मग काकू ती अंडी पदरात घेऊन माझ्याकडे आल्या, मशीनला लावायला. मी म्हटलं, “काकू, खा ही अंडी, विका हवी तर खायला. पण पिल्लं नका काढू. हिचा दोष रक्तातला असला तर पुढे जाईल.”

काकू म्हणाल्या, “पोरीला सोयरीक बघताना एवढी चौकशी केली नव्हती आम्ही.”

आणि अंडी घेऊन गेल्या. घरच्या खुडूक कोंबडीखाली बसवली. एकविसाव्या दिवशी मला बोलावून नेलं आणि डालगं उचलून दाखवलं, सगळ्यांच्या चोची सरळ. मी सांगायचा प्रयत्न केला, की पहिल्या पिढीत दिसलं नाही म्हणजे गेलं असं नसतं, ते दडून बसतं, आता यातला नर ठेवून यातल्याच माद्यांना लावू नका, नर बाहेरचा आणा. काकू ऐकत होत्या, मान हलवत होत्या. मग म्हणाल्या, “बाहेरचा नर कितीला पडतो?” मी किंमत सांगितली. त्यांनी डालगं परत झाकलं आणि पिल्लांतला एक तुरेबाज बघून ठेवल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं.